चार सामने मी गप्प राहिले

ती देशातल्या सगळ्यात वरच्या महिला फुटबॉल लीगमध्ये पहिला सामना खेळली, तेव्हा मी धुळ्याच्या शाळेत सहावीच्या मुलींची उंची मोजत होते. मुलीला भिंतीला टाचा टेकवून उभं करायचं, डोक्यावर पट्टी आडवी धरायची आणि आकडा वहीत लिहायचा. फोन खिडकीत उभा करून ठेवला होता. साडेतीनला दोन्ही संघ मैदानात आले. शेवटी हिरव्या जर्सीत ती. पाठीवर एक नंबर. तिने वाकून गवताला हात लावला, गोलच्या दोन्ही खांबांना लावला आणि मग उडी मारून वरच्या दांडीला. हे सगळं ती माझं पाहून शिकली होती. समोरच्या मुलीला मी किती वेळ तशीच उभी ठेवली कोण जाणे. शेवटी तीच म्हणाली, "मॅडम, मान दुखतेय."

सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. तिने दोन अवघड बॉल अडवले. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा मी तिला छान खेळलीस म्हणाले, मनापासून. निदान त्या दिवशी तरी मला ते मनापासून वाटलं.

मी जळगावची. वडील पाइपच्या कारखान्यात होते. मी नववीत असताना पहिल्यांदा गोलमध्ये उभी राहिले आणि पुढची आठ-नऊ वर्षं आधी जिल्ह्याची, मग विद्यापीठाची पहिली गोलकीपर मीच होते. आमचे कोच रेल्वेतून निवृत्त झालेले. सगळं मैदान त्यांना नाना म्हणायचं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना एका सकाळी नाना एका मुलीला घेऊन आले. चोपडा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं तिचं गाव. आईवडील पाऊस असेल तेव्हा स्वतःच्या तुकड्यात राबायचे आणि उरलेले महिने मजुरीला जायचे. ती जळगावात वसतिगृहात राहून शिकत होती आणि आठशे मीटर पळायची. आमची दुसरी गोलकीपर कांजिण्यांनी घरी बसली होती, म्हणून नानांनी हिला गोलमध्ये उभं केलं. हात लांब होते, आणि बॉल अंगावर आला की ती डोळे मिटायची नाही. तेवढं त्यांना पुरे झालं.

पडायला तिला मी शिकवलं. आमचं मैदान म्हणजे नुसता मुरूम. एकदा चुकीचं पडलं की कंबरेचं सालटं निघायचं आणि आठ दिवस त्या कुशीवर झोपता यायचं नाही. माझ्या आईने माझ्यासाठी जुन्या गोधडीचे तुकडे आत लावून एक चड्डी शिवली होती. तशीच तिने हिलाही शिवून दिली. ती मला अक्का म्हणायची. सामन्यात मी गोलमध्ये आणि ती बाहेर बाकावर, माझी पाण्याची बाटली धरून. चार वर्षं हे असंच चाललं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मला तर मुळीच नाही.

मग राज्य स्पर्धेत आम्हाला पाहून पूर्वेकडच्या एका क्लबने आम्हा दोघींना चाचणीला बोलावलं. निवड माझी झाली. तिला राखीव म्हणून ठेवणार होते. त्याच महिन्यात मला धुळ्याच्या शाळेत क्रीडाशिक्षिकेची कायमची नोकरी लागली. त्या वेळी ती लीग म्हणजे एखाद्या शहरात दोन-तीन आठवडे सगळे संघ जमवून उरकायचं काम होतं. सामने कुठे दिसायचे नाहीत, वर्तमानपत्रात ओळ यायची नाही. मी नोकरी घेतली. आईवडिलांनी मला अडवलं नव्हतं. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो धुळ्याच्या एसटी आगारात मेकॅनिक, त्यानेही अडवलं नव्हतं. उलट तो म्हणाला होता, जाऊन तर ये, पुढचं पुढे बघू. नानांनी एकदाच विचारलं, नक्की ना? मीच हो म्हणाले. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर मनातल्या मनात मी कितीतरी जणांवर याचं खापर फोडून पाहिलं आणि ते कुणाच्याही डोक्यावर बसलं नाही.

ती निघाली तेव्हा तिला सोडायला मी जळगाव स्टेशनवर गेले होते. तिला म्हटलं, "जा, अनुभव मिळेल." मोठ्या माणसाने लहानाला सांगावं तसं.

पहिली दोन वर्षं ती तिसरी गोलकीपर होती, म्हणजे सरावाला बॉल अडवायचे आणि सामन्याला गणवेश घालून बसायचं. मग दुसरी झाली. मधल्या काळात लीगही बदलली. प्रत्येक संघाला स्वतःचं मैदान आलं, सामने महिनोन्‌महिने चालू लागले आणि फोनवर थेट दिसू लागले. मी ज्या हंगामाबद्दल सांगते आहे, त्याच्या तोंडावर त्यांच्या पहिल्या गोलकीपरचा गुडघा गेला आणि हिला उभं केलं.

पहिल्या चार सामन्यांत तिच्यावर एकच गोल झाला. जळगावच्या पेपरात तिचा फोटो आला. माझ्या वडिलांनी तो कापून देव्हाऱ्याशेजारच्या कॅलेंडरला टाचला आणि मी रविवारी गेले तेव्हा कौतुकाने दाखवला. माझा फोटोही एकदा छापून आला होता. तो कुठे आहे, हे मी विचारलं नाही. नवरा आगारात सगळ्यांना सांगत सुटला की हिला आमच्या हिने घडवलंय. शाळेत मुख्याध्यापिकांनी मला बोलावून विचारलं, ती तुमची मैत्रीण ना, मग स्नेहसंमेलनाला पाहुणी म्हणून आणता येईल का? मी विचारून बघते म्हणाले, आणि विचारलं नाही.

हेवा कसा येतो हे मला वाटायचं मला माहीत आहे. वाटायचं, दुसऱ्याचं नाव झालं, फोटो आला की पोटात दुखतं. तसं नव्हतं. मला हेवा वाटला तो गवताचा. ती पडली की मैदान तिला झेलायचं, आणि उठली की गुडघ्यावर फक्त हिरवा डाग असायचा. मध्यंतरात कुणीतरी गुडघे टेकून बसून तिच्या बोटांना पट्टी बांधत होतं, ते कॅमेऱ्याने क्षणभर दाखवलं आणि मी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावून पाहिला. आमच्या वेळी बोट मोडलं तर मी आइस्क्रीमची काडी लावून खेळले होते. तिच्या मागे उभ्या असलेल्या दीड-दोनशे माणसांचाही मला हेवा वाटला. तिने किक मारायला पाय मागे नेला की ते सगळे एका सुरात ओरडायचे. मी शाळेच्या मैदानावर मुलींना रांगेत उभं करत असताना तो आवाज माझ्या कानात असायचा.

दर सामन्यानंतर ती मला फोन करायची. तिच्या क्लबात गोलकीपरसाठी वेगळे कोच नव्हते. आधी होते, ते हंगाम सुरू होताच दुसरीकडे गेले. म्हणून ती विचारायची, "अक्का, कुठं चुकलं?" मी सांगायचे. बॉल धरल्यावर घाई करतेस, फ्री किकला डावीकडे खेळाडूंची भिंत लावताना स्वतः आधी नीट बघ, असं काही. पुढच्या सामन्यात ती ते करायची. मला ते दिसायचं आणि बरं वाटायचं, कारण मग खेळणारी ती असली तरी डोकं माझं आहे असं मला म्हणता यायचं.

पाचव्या सामन्यात तिच्यावर कॉर्नर किकवरून गोल झाला, आणि का झाला ते मला तत्क्षणी दिसलं. बॉल हवेत आला की पुढे झेपावण्याआधी ती डावा पाय वीतभर मागे टाकत होती. तेवढ्यात उशीर होतो. बॉलपाशी हात पोचतात, पण समोरचीचं डोकं आधी पोचलेलं असतं. ही खोड मला दिसली यात नवल नव्हतं. ती माझीच होती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत मी असाच पाय मागे टाकायचे. नानांनी माझ्या टाचेमागे वीट ठेवून ती सोडवली. हिने मला त्याच काळात पाहिलं होतं आणि पाहूनच उचललं होतं. छोट्या सामन्यांत कधी नडलं नाही, कारण तिथे कॉर्नर इतके जोरात येतच नसत.

संध्याकाळी फोन आला. "अक्का, कुठं चुकलं?"

मी म्हणाले, "तुझं काही नाही गं. डिफेंडरने तिला मोकळी सोडली."

खोटं नव्हतं ते. डिफेंडरने सोडलीच होती. फोन ठेवल्यावर मी भाकरी थापायला घेतल्या आणि स्वतःला सांगितलं, एका गोलवरून कशाला तिच्या डोक्यात भरवायचं.

सहाव्या सामन्यात काही झालं नाही. ती खुशीत होती, बराच वेळ बोलली. तेव्हा सांगता आलं असतं. सातव्यात कॉर्नरवरून दोन गोल झाले. तिने विचारलं, आणि मी म्हणाले की वारा असेल, बॉल वळला. आठव्यात पुन्हा एक झाला आणि सामना गेला. त्या फोनवर तिचा आवाज बारीक झाला होता. ती म्हणाली, सर म्हणतात तुला उशीर होतोय, पण का होतोय ते त्यांना सापडत नाही. मी रोज व्हिडिओ बघतेय, मला पण दिसत नाही. तुला काही दिसतं का?

मी म्हणाले, "नाही गं. होतं असं कधीकधी."

हे मात्र खोटं होतं.

नवव्या सामन्याला तिला बाकावर बसवलं. कॅमेरा एकदा बाकावरून फिरला, तेव्हा ती अंगावर पिवळं जाळीचं जॅकेट घालून, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसलेली दिसली. माझ्या सामन्यांना ती अशीच बसायची. मी फोन बंद केला. घरी जाताना बाजारातून शेव घेतली, तिखटजाळ शेवभाजी केली, नवऱ्याला दोनदा वाढली. तो म्हणाला, आज स्वारी खुशीत दिसतेय, गुणगुणतेयस. मी गुणगुणत होते हे मला त्याने सांगितल्यावर कळलं. मी गप्प झाले. माझं ताट मी तसंच झाकून ठेवलं.

त्या रविवारी मी जळगावला गेले. धुळ्याहून सकाळची बस धरली. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मनात आलं, उतरावं आणि परतीची धरावी, कारण नानांकडे गेल्याशिवाय मला राहवणार नव्हतं आणि ते तिच्याबद्दल विचारणार हे ठरलेलं होतं. नानांच्या दोन्ही डोळ्यांची नजर गेली आहे, उजेड-अंधार तेवढा कळतो. पोरींचे सामने त्यांना कुणीतरी सांगावे लागतात.

ते ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. घरी ते अहिराणीच बोलतात. मी बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, तिला का बसवलं? मी सातव्या आणि आठव्या सामन्यातले गोल सांगितले. बॉल कुठून आला, ती कुठे उभी होती, हात कुठे पोचले. पायाचं सांगितलं नाही. नाना मान खाली घालून ऐकत होते. तिन्ही गोल सांगून झाले तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"मांगे पाय टाकस का ती?"

मी हो म्हणाले.

"डावा?"

"हो."

 समोरून एक रिक्षा गेली, तिचा आवाज पुरता विरेपर्यंत ते थांबले.

"तुले माहीत व्हतं?"

"पाचव्या सामन्यापासून."

"मंग तिले सांगं का नही?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते नानांसमोर बोलता येण्यासारखं नव्हतं. मी ओट्याच्या फरशीकडे बघत राहिले. मला वाटलं, ते रागावतील, किंवा स्वतःच तिला फोन लावायला सांगतील. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "आते तूच सांग." मग त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला आणि माझ्या शाळेतल्या मुलींची चौकशी केली. कुणी उंच आहे का, कुणाचे हात लांब आहेत का. मी दोन-तीन मुलींबद्दल सांगितलं. माझा आवाज मलाच परका वाटत होता.

दुपारी आईकडे, मागच्या खोलीत दार लावून मी तिला फोन केला. इकडचं तिकडचं काही बोलले नाही. म्हटलं, "कॉर्नरला निघण्याआधी तू डावा पाय मागे टाकतेस. टाचेमागे वीट ठेव आणि सराव कर. माझी खोड अशीच गेली होती."

 ती म्हणाली, "तुला कधी दिसलं?"

"पाचव्या सामन्यात."

"आठव्यानंतर मी विचारलं तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. "ठेवते."

त्यानंतर तिचा फोन आला नाही. दहावा, अकरावा, बारावा सामना ती बाकावरच होती, आणि तिचा संघ हरत खाली घसरत होता. खालचे दोन संघ पुढच्या वर्षी दुसऱ्या फळीत जाणार होते. मी प्रत्येक सामना पाहिला. आता कुणी विचारणार नव्हतं, तरी मी वहीच्या मागच्या पानांवर लिहीत राहिले, कुठला बॉल कुठून आला ते. नवऱ्याला मी सगळं सांगून टाकलं.  तो म्हणाला की तुला खेळायचं होतं तर तसं म्हणायचं होतंस. मी म्हणाले, तेव्हा नव्हतं खेळायचं. आता खेळायचंय, आणि आता खेळता येत नाही. 

तेराव्या सामन्यात तिच्या जागी खेळणाऱ्या गोलकीपरला लाल कार्ड मिळालं आणि शेवटची वीस मिनिटं ही आत गेली. चौदावा, शेवटचा सामना तिचाच होता. एक गुण मिळाला असता तर संघ वरच्या लीगमध्ये टिकत होता.

त्या दिवशी शनिवार, शाळा सकाळची. मी घरी एकटीने सामना पाहिला. नवरा कामावर होता. पहिल्या अर्ध्यात एक-एक गोल झाला. तिच्यावरचा गोल पेनल्टीवरून होता, त्यात तिची काही चूक नव्हती. दुसऱ्या अर्ध्यात समोरच्या संघाने कॉर्नरचा मारा लावला. मी बॉलकडे बघतच नव्हते, तिच्या डाव्या टाचेकडे बघत होते. पहिल्या कॉर्नरला टाच हलली नाही. दुसऱ्यालाही नाही. शेवटच्या मिनिटांत एक कॉर्नर अगदी गोलच्या तोंडाशी आला, चार-पाच जणी उडाल्या, आणि ती उभ्या जागेवरून सरळ, एक पाऊलही मागे न घेता, सगळ्यांच्या वर गेली. दोन्ही हातांनी बॉल धरला, छातीशी घेतला आणि त्यावर पडली.

मी पलंगावर उभी राहिले होते. माझे हात डोक्याच्या वर होते. ते खाली आणताना मला जे वाटलं ते आनंदासारखं होतं, पण त्याला धार होती. आता तिच्यात माझं काही उरलं नव्हतं. माझी खोडही नाही. ती माझ्यापेक्षा चांगली गोलकीपर होती. कदाचित आधीपासून होती. पाचव्या सामन्याच्या आधीपासून, कदाचित मुरमाच्या मैदानावर असल्यापासून. मी पहिली होते कारण मी आधी आले होते.

बरोबरी झाली. संघ टिकला. तिचा फोन आला नाही. मी एक मेसेज लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला आणि शेवटी नुसतं 'पाहिलं' एवढंच पाठवलं. तिने वाचल्याची खूण दिसली.

मे महिन्यात ती गावी जाताना दोन दिवस जळगावात थांबली. नानांनी मला निरोप धाडला. मी गेले तेव्हा ती ओट्यावर त्यांच्या पायाशी बसली होती. नाना म्हणाले की त्यांना जरा पडायचंय, आणि आत गेले.

 ती म्हणाली, "अक्का, त्या दिवसांत मला वाटायचं की माझ्यातच काहीतरी कमी आहे. मी डोंगरातली, आपल्याला एवढंच जमणार असं. तू म्हणालीस काही नाही, म्हणून मी तेच धरून बसले."

माफ कर म्हणणं मला फार सोपं वाटलं, म्हणून मी खरं काय ते सांगितलं. म्हणाले, "मला तुझा हेवा वाटला."

"माझा?"

"तुझा. तुझ्या मैदानाचा. सगळ्याचा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, तिला हे खरंच आधी सुचलं नव्हतं. ती काहीतरी वेगळं समजत होती. मी तिला विसरले, किंवा नोकरी-घरात मला लक्ष द्यायला वेळ राहिला नाही, असं काही. तेच बरं होतं असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं.

"आता?" तिने विचारलं.

"आता पण वाटतो."

ती हसली नाही, आणि ठीक आहे असंही म्हणाली नाही. नखाने ओट्याचा पोपडा काढत बसली. मग म्हणाली, उद्या सकाळी सहाला मी मैदानावर जाणार आहे, तू येणार असशील तर कॉर्नर मार. येणार नसशील तरी मी जाणारच आहे.

मी गेले. तिथल्या पोरांकडून चार बॉल घेतले आणि दीड तास कॉर्नर मारले. पहिले दहा-बारा वाईट गेले, मग पाय बसला. मुरमावर ती आता पूर्वीसारखी पडत नव्हती, जपून पडत होती. तिला ऑगस्टमधल्या नव्या हंगामापर्यंत सगळं अंग शाबूत हवं होतं. आम्ही खेळाशिवाय काही बोललो नाही. आठ वाजता ऊन चढलं तेव्हा तिने बॉल गोळा केले, मला हात केला आणि वसतिगृहाच्या जुन्या रस्त्याने निघून गेली.

यंदा ती दुसऱ्या क्लबात आहे. तिथे गोलकीपरसाठी वेगळ्या कोच आहेत. दर सामन्यानंतर मला जे दिसलं ते मी तिला मेसेजवर बोलून पाठवते, तिने विचारलेलं नसतानाही. कधी उत्तर येतं, कधी चार दिवसांनी नुसता अंगठा येतो, कधी काहीच नाही. मागच्या आठवड्यात पेपरात तिचा मोठा फोटो आला, सगळ्यांच्या वर झेपावलेला. मुख्याध्यापिकांनी तो सूचनाफलकावर लावला. मी शिपायाकडून टाचण्या मागून घेतल्या आणि त्याचे सुटलेले दोन कोपरे नीट लावले. हेवा वाटलाच. मग सातवीच्या मुलींना घेऊन मैदानावर गेले. त्यातल्या एकीला मी यंदापासून गोलमध्ये उभी करते आहे, आणि पहिल्या दिवसापासून तिच्या टाचेमागे वीट ठेवली आहे.